विचार डोक्यातून जातच नाही, मग करायचं काय? ओसीडी आणि अँक्झायटीसाठी एकेक पायरी

गॅस बंद केलाय हे डोळ्यांनी बघितलंय, नॉब हाताने चाचपून झालाय, तरी दारापर्यंत आलं की पाय परत आत वळतात. किंवा शेजारी झोपलेल्या बाळाकडे बघताना एकदम मनात येतं की माझ्या हातून याला काही झालं तर, आणि अंगावर काटा येतो. किंवा मेल पाठवून झालाय आणि आता तो पुन्हा पुन्हा उघडून वाचणं चाललंय, काही चुकीचं तर लिहिलं नाही ना. असं ज्यांचं होतं त्यांना आजूबाजूचे लोक एकच सांगतात, "अरे नको ना एवढा विचार करू." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो पण या सल्ल्याने त्रास कमी होत नाही, बऱ्याचदा वाढतोच, आणि का वाढतो हे एकदा नीट कळलं की पुढे काय करायचं ते आपोआप उलगडत जातं. म्हणून आधी थोडं समजून घेऊ, मग कामाला लागू. घाईत असाल तरी पहिला भाग सोडू नका प्लीज, तो सोडून थेट प्रॅक्टिस सुरू केली की लोक चौथ्या दिवशी वही बंद करतात.

पहिली पायरी: विचार येणं हा आजार नाही, हे पक्कं करा

स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक अभ्यास छापला. ओसीडी (म्हणजे नकोसे विचार चिकटून राहणं आणि त्यातून सुटायला काहीतरी पुन्हा पुन्हा करावं लागणं, हा आजार) असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या मनात येणारे नकोसे विचार त्यांनी शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर विषय जवळपास तेच निघाले. कुणाला तरी ढकलून द्यावं, काहीतरी घाणेरडं बोलावं, कुलूप उघडंच राहिलं असेल, हे सगळं 'नॉर्मल' माणसांच्या डोक्यातही येतं. पुढे २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं गेलं आणि मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आला होता असं म्हणणारे जवळजवळ ९४ टक्के निघाले. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ज्याची शरम वाटते, तसलंच काहीतरी तुमच्या आजूबाजूच्या बहुतेक लोकांच्या मनात येऊन गेलेलं असतं. ते आलं आणि गेलं, बस.

मग आपल्यालाच का चिकटतं? कारण आपण त्याला अर्थ लावतो. असा विचार आला म्हणजे मी आतून तसाच आहे, किंवा विचार आला म्हणजे तसं घडणार, किंवा मला शंका आली होती तरी मी काही केलं नाही म्हणजे पुढे जे होईल त्याला मीच जबाबदार. ही जी सगळ्या जगाची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे असं वाटणं आहे ना, त्यावर मानसशास्त्रज्ञ पॉल सॉल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्येच बोट ठेवलं होतं. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, शंका बरोबर तिथेच डंख मारते जिथे आपला जीव अडकलेला असतो. बाळावर जीव ओवाळून टाकणारी आईच बाळाला इजा करण्याच्या विचाराने थरकापते, मनापासून श्रद्धा असलेल्यालाच देवाबद्दल वाईटसाईट विचार छळतात. विचार नकोसा वाटतोय, त्याची भीती वाटतेय, यातच कळतं की ती तुमची इच्छा नाही.

आता "विचार करू नको" हे का चालत नाही ते बघा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्याच लोकांना विचार करायची मोकळीक दिली तेव्हा त्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं. दाबलेलं वर येतं, हे मन सगळ्यांचंच असं आहे, तुमचं काही बिघडलेलं नाही.

दुसरी पायरी: एक आठवडा फक्त वही

काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. रोज जेव्हा जेव्हा अडकाल तेव्हा चार गोष्टी: कशाने सुरू झालं, डोक्यात नेमकं काय आलं, भीती शंभरपैकी किती, आणि त्यानंतर मी काय केलं. यातली चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. कारण हे चक्र फिरत राहतं ते विचारामुळे नाही, विचारानंतर आपण सुटका व्हावी म्हणून जे करतो त्यामुळे. शंका येते, जीव घाबरा होतो, आपण चेक करतो किंवा हात धुतो किंवा कुणाला विचारतो, हायसं वाटतं, आणि मेंदू शिकतो की हे केलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी पण करायचं. शंका सावकारासारखी आहे, हप्ता भरला की आज दारातून जाते आणि उद्या वाढीव व्याज मागायला हजर.

हात धुणं, कुलूप ओढून बघणं हे सगळ्यांना दिसतं. पण बऱ्याच लोकांचं सगळं डोक्यातच चालतं आणि त्यांना वाटतं की मी तर काहीच 'करत' नाही. नीट शोधा: कालचा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात रिवाइंड करून बघणं, वाईट विचार आला की लगेच त्यावर एक 'चांगला' विचार किंवा ठराविक शब्द मनात म्हणणं, मला खरंच किळस वाटतेय ना, मला खरंच प्रेम आहे ना असं आतून तपासत राहणं, रात्री उशिरापर्यंत लक्षणं सर्च करत बसणं, "सगळं ठीक आहे ना गं?" असं दहा वेगवेगळ्या पद्धतीने विचारणं, कुलपाचा फोटो काढून ठेवणं. आणि टाळणंसुद्धा यातच आलं, सुऱ्या कपाटात लपवणं, बाळाबरोबर एकटं न थांबणं, प्लॅटफॉर्मवर भिंतीला चिकटून उभं राहणं. हे सगळं वहीत यायला हवं, कारण पुढचं काम यावरच करायचंय.

चेक करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट सांगायचीये. मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅस शेगडीचे नॉब पुन्हा पुन्हा चेक करायला लावले. आठवण चुकली नाही, कुठले नॉब तपासले ते लोकांना बरोबर सांगता येत होतं, पण त्या आठवणीवरचा विश्वास कमी झाला, ती धूसर वाटायला लागली. आणि हे ओसीडी नसलेल्या साध्या लोकांचं झालं. म्हणजे खात्री नाही म्हणून आपण पाचव्यांदा बघतो असं आपल्याला वाटतं, पण पाचदा बघितलं म्हणूनही खात्री जाते.

तिसरी पायरी: ही काळजी आहे की ओसीडी, ते वेगळं करा

दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण इलाज थोडे वेगळे आहेत. काळजी म्हणजे पैसे, नोकरी, मुलांचं शिक्षण, आई-वडिलांची तब्येत असे रोजचे विषय आणि त्यावर 'असं झालं तर, मग तसं झालं तर' अशी लांबत जाणारी साखळी. ओसीडीतला विचार तुटक, अचानक, धक्का देणारा असतो, आपल्या स्वभावाच्या अगदी उलटा वाटतो आणि त्याच्या मागे काहीतरी करायची ओढ असते.

साध्या काळजीसाठी थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही भारी आहे. दिवसातली एक ठराविक वेळ आणि एक ठराविक जागा काळजीसाठी राखून ठेवायची, अर्धा तास, झोपायच्या अगदी आधी नको आणि अंथरुणात तर नकोच. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहून ठेवायची आणि स्वतःला सांगायचं की संध्याकाळी बघू, मग हातातल्या कामाकडे यायचं. ती वेळ आली की कागद काढून बसायचं आणि प्रत्येक ओळीपुढे विचारायचं, यावर मी काही करू शकतो का? हो असेल तर पहिलं छोटं पाऊल काय आणि कधी ते लिहायचं. नाही असेल तर ती ओळ तशीच सोडायची, उत्तर न शोधता. बऱ्याच ओळी संध्याकाळपर्यंत फिक्या पडलेल्या असतात. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही, पण निदान मनाला वेळ ठरवून देता येते.

ओसीडीच्या विचारावर मात्र असं लॉजिक लावत बसू नका, तिथे उत्तर शोधणं हाच सापळा असतो. एक उत्तर मिळालं की "पण समजा..." तयारच.

किती झालं की आजार म्हणायचा? ढोबळ खूण अशी की हे विचार आणि त्यामागच्या कृती मिळून दिवसाचा एक तासापेक्षा जास्त वेळ खातात किंवा त्यामुळे काम, झोप, नाती बिघडतात. निदान मात्र डॉक्टरच करणार, मी किंवा कुठलाही लेख नाही.

चौथी पायरी: शिडी बनवा

ओसीडीवरची सगळ्यात भरवशाची थेरपी म्हणजे ईआरपी, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन पेशंटवर तिचं सुरुवातीचं रूप वापरून बघितलं आणि त्यानंतर तिच्यावर भरपूर काम झालंय. दोनच भाग आहेत: ज्याची भीती वाटते त्याच्या समोर हळूहळू, ठरवून जायचं, आणि गेल्यावर नेहमीची सुटकेची कृती करायची नाही. दुसरा भाग नसेल तर पहिल्याचा काही उपयोग नाही हे लक्षात ठेवा, घाण वाटणाऱ्या हँडलला हात लावला आणि मनात म्हटलं की घरी जाऊन धुतो, की तो सराव झालाच नाही.

वही उघडा आणि त्यातल्या प्रसंगांना शून्य ते शंभर मार्क द्या, हे केलं आणि नंतर काहीही केलं नाही तर किती घाबरायला होईल. चेक करणाऱ्याची शिडी साधारण अशी दिसते: मेल एकदाच वाचून पाठवणं ३०, खोलीतला दिवा न बघता बाहेर पडणं ३५, कुलूप लावून एकदाही न ओढता निघणं ५५, घरात सगळ्यात शेवटी आपण निघणं आणि गॅसकडे एकदाच बघणं ७५, त्याच दिवशी मुक्कामाला बाहेर जाणं ९०. सुरुवात ३०-४० पासून करायची. अगदी १० पासून केलं तर मेंदू काही शिकत नाही, आणि ९० पासून केलं तर पळून यावंसं वाटतं. आणि हो, सराव म्हणजे धोका पत्करणं नाही, गॅस खरंच चालू ठेवून जायचं नाहीये. काळजी घेणारा साधा माणूस जेवढं बघतो तेवढं एकदा बघायचं, त्यापुढे नाही.

बाळाला इजा, लैंगिक विचार, स्वतःला काही करून घेण्याची भीती, असे विषय असतील तर शिडी एकट्याने चढू नका, थेरपिस्टबरोबर चढा. तो विचार जास्त धोकादायक असतो म्हणून नाही, तर तिथे लाज इतकी असते की माणूस एकटा पडतो आणि अर्ध्यात सोडतो.

पाचवी पायरी: रोजचा सराव, आणि इथेच खरं काम आहे

रोज एक वेळ ठरवा, अर्धा ते पाऊण तास मिळाला तर उत्तम. शिडीवरची एक पायरी घ्या, करा, आणि मग थांबा. भीती चढेल, पोटात गोळा येईल, डोकं सांगेल की आजच्या दिवस एकदाच बघ. तेव्हा वाद घालायचा नाही आणि समजूतही काढायची नाही. मनात एवढंच म्हणायचं: "असेलही, नसेलही, मी आत्ता शोधून काढणार नाहीये." हे वाक्य बोलायला सोपं आहे पण ते प्रत्यक्ष जगायला फार जड जातं, कारण आपल्याला शंभर टक्के खात्री हवी असते आणि इथे आपण मुद्दाम ९५ वर थांबतोय. पण बाकीच्या असंख्य गोष्टी आपण ९५ वरच करतो की, रस्ता ओलांडतो, झोपतो, माणसांवर विश्वास ठेवतो.

एकदम बंद करणं जमत नसेल तर लांबवा. चेक करायचंय? पाच मिनिटांनी. मग दहा, मग वीस. मधल्या वेळात मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका, ती पण पळवाट होते. भीती आहे, छातीत आहे, हात गार पडलेत, असं नुसतं लक्षात घेत रहा आणि जे करत होतात ते करत रहा. बऱ्याचदा भीती स्वतःहून उतरते. एखाद्या दिवशी नाही उतरत, आणि तेव्हा लोक म्हणतात की सराव फेल गेला. तसं नाहीये. भीती असतानाही मी ते केलं नाही आणि तरी निभावलं, हेच शिकायचं होतं, ते झालं. सराव संपल्यावर वहीत दोन ओळी लिहा: मला काय होईल असं वाटत होतं, आणि खरंच काय झालं.

न राहवून केलंच चेक, धुतलेच हात, तर? स्वतःला शिव्या देऊ नका, लगेच शंका परत घाला. हात धुतले तर परत त्याच वस्तूला लावा. मनात 'चांगला' शब्द म्हणून झाला तर मुद्दाम म्हणा, "तरी होऊ शकतं." म्हणजे मेंदूला सुटकेचं बक्षीस मिळत नाही.

ज्यांचं सगळं मनातच चालतं त्यांच्यासाठी: भीती वाटते ती गोष्ट घडतेय असं 'मी' वापरून, वर्तमानकाळात, एक पानभर लिहायचं, शेवट गोड न करता. मग ते रोज वाचायचं किंवा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचं, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. सुरुवातीला हे वाचणं सहन होत नाही, म्हणून हे पहिल्यांदा थेरपिस्टसमोर केलेलं बरं.

शरीर घाबरतं तेव्हा

अँक्झायटी वाढली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ आणि भराभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होऊन चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात. भयंकर वाटतं, पण पॅनिक अटॅक साधारण काही मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागतो. श्वास सावकाश घ्या, घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवा, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास पुरे. पण ओसीडीच्या सरावात भीती घालवण्यासाठी हाच श्वास वापरायला लागलात तर तीही एक सुटकेची कृती बनते, तेव्हा तिथे नको. छातीत दुखणं, धडधड पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, थायरॉईडही तपासून घ्या, कारण ते वाढलं तर हुबेहूब अशीच लक्षणं येतात. कॅफीन कमी करून बघा. दारूने रात्र निघते आणि सकाळी अँक्झायटी दुप्पट होते. झोप आणि व्यायाम तर आहेतच, त्यावर वेगळं काय सांगू.

घरच्यांनी काय करायचं

हे पान त्यांना वाचायला द्या. तुमच्या माणसाने विचारलं, "मी बंद केलं ना?" आणि तुम्ही दहाव्यांदा "हो" म्हणालात तर तुम्ही प्रेमाने त्या चक्राला धक्का देताय. पण एका रात्रीत उत्तरं बंद केलीत तर ते क्रूर होईल. शांत वेळ बघून दोघांनी बसून ठरवा की कुठल्या प्रश्नाला आजपासून उत्तर नाही आणि त्याऐवजी काय म्हणायचं. उदाहरणार्थ, "ही शंका बोलतेय असं वाटतंय मला, मी उत्तर देणार नाही पण तुझ्याजवळ बसतो." मग दर आठवड्याला एखादा प्रश्न वाढवा. टोमणे नकोत, 'नाटकं' हा शब्द तर अजिबात नको.

डॉक्टर आणि गोळ्या

थेरपिस्ट निवडताना थेट विचारा: तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का, आणि सेशनमध्ये प्रत्यक्ष सराव करून घेता का? फक्त लहानपणाबद्दल बोलत राहणं किंवा दर वेळी धीर देणं याने ओसीडी हलत नाही, यावर मी ठाम आहे. त्रास किती आहे ते मोजायला १९८९ मध्ये आलेली वाय-बॉक्स नावाची १० प्रश्नांची पट्टी वापरतात, स्कोअर शून्य ते ४०. सुरुवातीचा स्कोअर लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा.

गोळ्यांमध्ये फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिनसारख्या एसएसआरआय गटातल्या (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, डिप्रेशनलाही देतात त्या) गोळ्या आधी देतात, क्लोमिप्रामिन हे जुनं औषधही चालतं पण साईड इफेक्ट जास्त. ओसीडीत डोस डिप्रेशनपेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात "काहीच होत नाहीये" म्हणून सोडू नका. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढतायत का यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं. बरं वाटल्यावरही बहुतेक डॉक्टर वर्षभर तरी चालू ठेवतात, आणि बंद करायच्या तर त्यांच्या सल्ल्याने हळूहळूच. अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते आणि ओसीडीवर त्यांचा फारसा उपयोग नाही.

आणि थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, जर खरंच जगावंसं वाटत नसेल किंवा मरायचा प्लॅन डोक्यात तयार होत असेल. "मी असं काही करीन का" याची भीती वेगळी आणि "मला करायचंय" वेगळं, पण फरक कळत नसेल तरीही जा, तिथे कुणी हसणार नाही. नुकतीच बाळंत झालेली बाई अजिबात झोपत नसेल, गोंधळल्यासारखी बोलत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा बाळाबद्दल विचित्र गोष्टी खऱ्या मानत असेल तर ते ओसीडी नाही, ती इमर्जन्सी आहे.

परत आलं तर

येतं. परीक्षा, आजारपण, घर बदलणं, बाळंतपण, अशा काळात जोर करतं, आणि बऱ्याचदा विषय बदलून येतं. हात धुणं गेलं आणि आता जोडीदारावर खरंच प्रेम आहे का ही शंका सुरू झाली, तर लोक म्हणतात की हे मात्र खरं असणार, हे ओसीडी नाही. तेव्हा विषयाकडे बघू नका, वहीतल्या चार रकान्यांकडे बघा. अचानक शंका, भीती, खात्रीसाठी काहीतरी करणं, थोडा वेळ हायसं, हाच आकार दिसला तर इलाजही तोच. जुनी शिडी काढा, नवीन विषयाच्या चार-पाच पायऱ्या लिहा, ३०-४० वाल्या पायरीपासून परत सुरू करा. दोन-तीन आठवडे रोज सराव करूनही घसरण थांबत नसेल तर थेरपिस्टला फोन करा, एखाद-दोन सेशननेही गाडी रुळावर येऊ शकते.